तीन शतकांचा हिशेब

नाताळ जवळ आला की घराघरांत नव्या वर्षाची दिनदर्शिका येते. जुनी उतरते, नवी त्याच खिळ्यावर टांगली जाते आणि सनाचा आकडा एकाने वाढतो. या आकड्याचा अर्थ आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो : प्रभू येशूच्या जन्माला इतकी वर्षे झाली. हा आकडा प्रथम कोणी बसविला, याचीही इतिहासात नोंद आहे. रोममध्ये राहणारा डायोनिसियस एक्झिग्युअस नावाचा एक मठवासी इ. स. ५२५ मध्ये पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखांचे कोष्टक तयार करीत होता. तोवर अशा कोष्टकांत डायोक्लेशियन बादशहाच्या नावाने वर्षे मोजली जात. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या राजाची स्मृती अशा रीतीने जपणे डायोनिसियसला प्रशस्त वाटेना. म्हणून त्याने प्रभूच्या देहधारणेपासून वर्षे मोजली.

त्याच्या हिशेबात थोडी चूक राहिली. हेरोद राजा इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे बहुतेक इतिहासकार मानतात. अर्थात येशूचा जन्म त्याआधीच झालेला असला पाहिजे. कॅथलिक विद्वान ही चूक उघडपणे सांगत आले आहेत आणि त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला धक्का बसलेला नाही. चार-सहा वर्षांची प्रांजळ चूक निराळी आणि तीनशे वर्षांची लबाडी निराळी. अशी लबाडी झाली आहे, तीही एका पोपच्या संमतीने झाली आहे, असा आरोप विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत केला गेला. त्याला वाचक मिळाले आणि आजही मिळतात. आपल्या मुलाबाळांच्या कानांवरही तो केव्हातरी येईल. म्हणून त्याची शांतपणे तपासणी करणे अगत्याचे आहे.

आरोप काय आहे?

हेरिबर्ट इलिग हे बव्हेरिया प्रांतात १९४७ साली जन्मलेले लेखक व प्रकाशक. १९९१ पासून त्यांनी असे प्रतिपादन सुरू केले की, इ. स. ६१४ चा सप्टेंबर ते इ. स. ९११ चा ऑगस्ट हा २९७ वर्षांचा काळ मुळात घडलेलाच नाही. १९९६ साली 'कल्पित मध्ययुग' अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक आले आणि ही कल्पना सर्वत्र पोहोचली. त्यांच्या मते जर्मन सम्राट तिसरा ओटो आणि पोप दुसरे सिल्व्हेस्टर यांना इ. स. १००० हे पवित्र सहस्रक आपल्या कारकिर्दीत यावे असे वाटले. खरे वर्ष होते ७०३. तेव्हा त्यांनी सन तीन शतकांनी पुढे ढकलला आणि मधली रिकामी जागा भरण्यासाठी राजे, युद्धे, मठ व ग्रंथ कल्पनेने निर्माण केले. या कटात कधी बिझंटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन यालाही गोवले जाते. या कल्पनेतील सर्वांत मोठे काल्पनिक पात्र कोणते? तर इ. स. ८०० च्या नाताळाच्या दिवशी पोप तिसरे लिओ यांच्या हस्ते ज्याला सम्राटपदाचा मुकुट घालण्यात आला, तो शार्लमेन.

ही तीन शतके गेली तर शार्लमेन एकटा जात नाही. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिणारे आदरणीय संत बीड जातात. जर्मनीत शुभवर्तमान नेऊन ७५४ साली रक्तसाक्षी झालेले संत बोनिफास जातात. पवित्र प्रतिमांच्या बाजूने लेखणी उचलणारे दमास्कसचे संत योहान जातात आणि प्रतिमांना मान देणे ही मूर्तिपूजा नव्हे असा निर्णय देणारी ७८७ ची निकेयाची दुसरी धर्मपरिषदही जाते. आपल्या घरातील वेदीवर पवित्र मातेची प्रतिमा निःशंक मनाने ठेवली जाते, त्यामागे त्या परिषदेचा निर्णय उभा आहे. स्लाव लोकांना त्यांच्या भाषेत प्रार्थना देणारे संत सिरिल व संत मेथोडियस ८६३ च्या सुमारास मोराव्हियात गेले, तेही पुसले जातात. म्हणजे हा केवळ तारखांच्या शौकिनांचा वाद राहत नाही. ख्रिस्तसभेची स्मृती खरी की रचलेली, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

दहा दिवसांचे गणित

इलिग यांचा सर्वांत आकर्षक मुद्दा पंचांगाचा आहे. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४५ पासून जे पंचांग अमलात आणले, त्यात वर्षाची लांबी ३६५ दिवस ६ तास धरली होती. ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही मिनिटे साचत जातात आणि सुमारे १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतातील विषुवदिन, म्हणजे दिवस व रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला होता. पुनरुत्थानाचा रविवार विषुवदिनानंतरच्या पौर्णिमेवरून ठरत असल्याने ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या जिव्हाळ्याची होती.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ रोजी आज्ञापत्र काढून दहा दिवस गाळले. मूळ योजना लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याची होती आणि ती तपासून तिचे समर्थन करण्याचे काम येशूसंघीय गणिती क्लाव्हियस यांनी केले. त्या वर्षी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाच्या संत तेरेजा नेमक्या त्याच रात्री ख्रिस्तवासी झाल्या. त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो तो यामुळेच.

आता इलिग यांचा हिशेब पाहा. सीझरपासून १५८२ पर्यंत सुमारे १६२६ वर्षे होतात. त्यांना १२८ ने भागले तर जवळजवळ १३ दिवस येतात. ग्रेगरी यांनी गाळले दहाच. तीन दिवस कमी पडले, याचा अर्थ सुमारे तीन शतके कधी झालीच नव्हती!

ऐकताक्षणी पटावे असे हे गणित आहे. परंतु त्याचा आरंभबिंदूच चुकीचा आहे. ग्रेगरी यांना सीझरच्या काळचे पंचांग पुन्हा आणावयाचे नव्हते. इ. स. ३२५ मधील निकेयाच्या पहिल्या धर्मपरिषदेच्या काळी विषुवदिन जेथे होता, तेथे तो परत आणणे हा त्यांचा हेतू होता आणि आज्ञापत्रात तो स्पष्टपणे सांगितला आहे. ३२५ पासून १५८२ पर्यंत १२५७ वर्षे होतात. त्यांना १२८ ने भागा. उत्तर दहाच्या अगदी जवळ येते. सीझरच्या काळी विषुवदिन २३ मार्चच्या आसपास येत असे. तो निकेयापर्यंतच्या सुमारे ३७० वर्षांत मागे सरकला होता. इलिग यांचे हरवलेले तीन दिवस तेथे आहेत. शाळेत भागाकार शिकलेले कोणतेही मूल हा हिशेब स्वतः करून पाहू शकते.

खोटे दस्तऐवज आणि त्यांचे शोधक

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. मध्ययुगात खोटे दस्तऐवज तयार झाले, आणि तेही पुष्कळ. १९८६ साली म्यूनिक येथे मध्ययुगीन बनावट लेखांवर विद्वानांची मोठी परिषद भरली होती. त्या विषयाचे अधिकारी इतिहासकार होर्स्ट फुरमान यांनी तेथे एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधले : काही बनावट लेख तयार झाल्यानंतर कितीतरी काळाने उपयोगात आले. इलिग यांनी यातून निष्कर्ष काढला की, इतक्या आधी बनावट लेख कोण कशाला करील? मधला काळच नसला पाहिजे!

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध बनावट लेख म्हणजे 'कॉन्स्टंटाईनचे दानपत्र'. कॉन्स्टंटाईन बादशहाने पोप पहिले सिल्व्हेस्टर यांना रोम व पश्चिमेकडील साम्राज्य दान दिले, असे त्यात म्हटले होते. बहुधा आठव्या शतकात लिहिलेला हा लेख पुढे पोपच्या राजकीय अधिकाराच्या समर्थनार्थ वापरला गेला. हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु तो खोटा आहे हे कोणी सिद्ध केले, तेही सांगितले पाहिजे. १४४० साली लोरेन्झो वाल्ला यांनी त्यातील लॅटिन भाषा तपासली आणि चौथ्या शतकात जे शब्द व ज्या पदव्या त्या अर्थाने शक्य नव्हत्या त्या दाखवून दिल्या. नंतर पोप पाचवे निकोलस यांनी याच वाल्लांना आपल्या सेवेत घेतले.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. वाल्लांच्या चारशे वर्षे आधी, १००१ साली, एका सम्राटाने पोपला दिलेल्या दानलेखात या जुन्या दानपत्राला बनावट म्हणून झिडकारले होते. तो सम्राट म्हणजे तिसरा ओटो, आणि ते पोप म्हणजे दुसरे सिल्व्हेस्टर. तीन शतके बनविल्याचा आरोप ज्या दोघांवर आहे, त्यांच्यातील व्यवहारातच एका बनावट लेखाला नकार दिलेला आढळतो.

खोटी नाणी चलनात सापडतात, यावरून टाकसाळच नव्हती असे ठरत नाही. खोटे नाणे ओळखता येते ते खरे नाणे समोर असते म्हणून. कटाच्या तारखाही जुळत नाहीत. सातवा कॉन्स्टंटाईन ९५९ साली मरण पावला. तिसरा ओटो जन्मला ९८० साली. एकाच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी दुसरा जन्मास आला. शिवाय त्या काळी सामान्य शेतकऱ्याला चालू सन कोणता हे ठाऊकही नसे. तो वर्षे मोजी ती राजाच्या कारकिर्दीवरून, पीकपाण्यावरून आणि सणांवरून. ज्या सहस्रकाची फार थोड्यांना दखल होती, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कोणी करावा?

आकाश आणि अरण्य यांची साक्ष

मठवासी खोटे लिहू शकतात असे घटकाभर गृहीत धरू. मग ज्यांना लाच देता येत नाही असे साक्षीदार शोधावे लागतील. असा पहिला साक्षीदार आकाश.

रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ५९ मध्ये ३० एप्रिल रोजी इटलीत दिसलेल्या सूर्यग्रहणाची नोंद केली आहे. तेच ग्रहण आर्मेनियात दिवसाच्या कोणत्या प्रहरी दिसले, हेही तो सांगतो. आजचे ज्योतिर्गणित मागे मोजत गेले असता हे ग्रहण त्याच दिवशी मिळते. मधली २९७ वर्षे खोटी असती, तर हा मेळ बसला नसता.

हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी परत येतो. चीनच्या दरबारी ज्योतिष्यांनी तो ६०७, ६८४, ७६०, ८३७ आणि ९१२ या वर्षी पाहिल्याची नोंद केली आहे. इलिग म्हणतात त्याप्रमाणे २९७ वर्षे काढून टाकली, तर मधल्या तिन्ही फेऱ्या नाहीशा होतात आणि ६०७ नंतर अवघ्या आठ वर्षांनी धूमकेतू परत आला असे मानावे लागते. धूमकेतूने एका सम्राटाच्या हौसेसाठी आपली गती बदलली, असे म्हणायला कोणीही धजणार नाही.

दुसरा साक्षीदार अरण्य. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ पडते. पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात अरुंद. आजच्या झाडाची वर्तुळे जुन्या वाड्याच्या तुळईशी, तिची आणखी जुन्या ओंडक्याशी, अशी सांगड घालीत विद्वानांनी आयर्लंड व जर्मनी येथील ओक वृक्षांची सात हजारांहून अधिक वर्षांची अखंड साखळी तयार केली आहे. इलिग यांच्या पक्षाने यावर हरकत घेतली की, सातव्या-आठव्या शतकांतील ओंडके थोडे आहेत आणि तेथील सांधा मनाजोगता जुळविला असावा.

या हरकतीला उत्तर मिळाले ते जपानमधून. २०१२ साली फुसा मियाके या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी जपानी देवदाराच्या वर्तुळांत एक आश्चर्य पाहिले : ७७४-७७५ या एका वर्षात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले होते. बहुधा सूर्यावरील प्रचंड उद्रेकाचा तो परिणाम असावा. ९९३-९९४ मध्ये तशीच दुसरी खूण सापडली. पुढे याच खुणा युरोप-अमेरिकेतील झाडांतही, त्याच वर्तुळांत सापडल्या. दोन खुणांच्या मध्ये २१९ वर्तुळे आहेत. जी वर्षे झालीच नाहीत असे सांगितले जाते, त्यांपैकी पुष्कळशी येथे एकेक करून मोजता येतात. शार्लमेनने आखेन येथे बांधलेल्या प्रार्थनामंदिराचा घुमट इतक्या जुन्या काळी शक्यच नव्हता, असेही इलिग यांचे म्हणणे होते. त्या वास्तूच्या पायातील लाकडाच्या वर्तुळांवरून बांधकाम आठव्या शतकाच्या अखेरीचे ठरले आहे.

दख्खनची साक्ष

या वादात आपल्या भूमीलाही काही सांगावयाचे आहे, कारण युरोपचा सन खोटा ठरला तरी शककाल त्याच्या अधीन नाही. आजच्या कर्नाटकातील ऐहोळे येथे मेगुती टेकडीवरील जैन मंदिरात रविकीर्ती या कवीचा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची ती प्रशस्ती. तीत नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे आणि शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-६३५, असा काळ दिला आहे. इलिग यांच्या मते त्या वर्षी जगात कोणी नव्हतेच!

ज्याला पुलकेशीने अडविले, तो कनौजचा हर्ष त्याच काळचा. त्या दोघांच्या राज्यांतून हिंडलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ६२९ च्या सुमारास निघाला व ६४५ साली मायदेशी परतला. महाराष्ट्राचे व तेथील मानी लोकांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. तो ज्या चीनमधून आला, तेथे थांग घराण्याचे राज्य होते : ६१८ ते ९०७. म्हणजे ज्याला चिनी लोक आपल्या काव्याचे सुवर्णयुग मानतात, ते जवळजवळ संपूर्ण घराणेच या कल्पनेच्या पोटात जाते. वेरूळचे कैलास लेणे कोरविणारा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण हा आठव्या शतकातला. इस्लामचा हिजरी सन ६२२ पासून सुरू होतो आणि बगदाद शहर ७६२ साली वसले. ओटोच्या दरबारातील चार लेखनिकांनी ऐहोळेचा पाषाण कोरला, वेरूळचा डोंगर फोडला आणि बगदाद वसविले, असे मानण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आणखी एक धागा येथून थेट पोप सिल्व्हेस्टर यांच्यापर्यंत जातो. ब्रह्मगुप्ताने शके ५५०, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये आपला 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. इ. स. ६६२ मध्ये सिरियातील सेव्हेरस सेबोख्त या ख्रिस्ती बिशपने हिंदू लोकांच्या नऊ अंकचिन्हांची मुक्तकंठाने स्तुती केली. आठव्या शतकात भारतीय गणित बगदादला पोहोचले, नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने त्यावर ग्रंथ लिहिला आणि तेथून ते अंक अरबी स्पेनमध्ये गेले. दहाव्या शतकात गेर्बेर नावाचा एक फ्रेंच मठवासी शिकण्यासाठी कातालोनियात गेला. ते अंक ख्रिस्ती युरोपात आणणाऱ्या पहिल्या विद्वानांत त्याची गणना होते. हाच गेर्बेर ९९९ साली पोप दुसरे सिल्व्हेस्टर झाला. ज्याने तीन शतके कल्पिली असे म्हणतात, त्याच्या हातातील अंक त्याच तीन शतकांचा प्रवास करून आले होते.

संशयाचे दोन मार्ग

इलिग हे अशा प्रकारचे पहिले लेखक नव्हेत आणि ख्रिस्तसभेनेही असा संशय प्रथमच पाहिला असे नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये झां आर्दुएँ नावाचे येशूसंघीय धर्मगुरू होते. विद्वत्ता मोठी, प्लिनीच्या ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती नावाजली गेली होती. परंतु १६९३ पासून ते असे म्हणू लागले की, ग्रीक व रोमन लेखकांचे बहुतेक ग्रंथ तेराव्या शतकातील मठवाशांच्या एका टोळीने रचलेले आहेत. होमर, सिसेरो असे थोडे लेखक त्यांनी खरे मानले. आणि अर्थातच प्लिनीही! वरिष्ठांनी त्यांना मते मागे घ्यावयास लावली, पण १७२९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे मन पालटले नाही.

त्याच काळी आणखी एका येशूसंघीयाने संशय व्यक्त केला होता. अँटवर्पचे दानिएल पापेब्रोक संतांच्या चरित्रांचे संपादन करीत असत. १६७५ साली त्यांनी लिहिले की, बेनेदिक्तीन मठांत जपलेले कित्येक प्राचीन दानलेख विश्वसनीय नाहीत. हा आघात मोठा होता; त्या लेखांवर मठांची प्रतिष्ठा व मालमत्ता अवलंबून होती. बेनेदिक्तीन संघातर्फे झां माबियों यांनी उत्तर दिले, पण ते रागाचे नव्हते. त्यांनी सहा वर्षे शेकडो लेख पाहिले. कागद, शाई, अक्षराचे वळण, मोहोर, तारीख लिहिण्याची रीत यांचे नियम शोधून काढले आणि १६८१ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुने दस्तऐवज तपासण्याचे शास्त्र त्या ग्रंथातून जन्मास आले. पापेब्रोक यांनी तो वाचला आणि माबियों यांना पत्र लिहून आपला पराभव आनंदाने मान्य केला.

पापेब्रोक भित्रे नव्हते. कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या परंपरेला आधार नाही, असे त्यांनी म्हटले, तेव्हा १६९५ साली स्पेनमधील धर्मन्यायालयाने त्यांचे ग्रंथ निषिद्ध ठरविले. ती बंदी त्यांच्या मृत्यूनंतर, १७१५ साली उठली. तेथे पुरावा त्यांच्या बाजूस होता आणि ते ठाम राहिले. माबियोंसमोर पुरावा विरुद्ध गेला आणि ते नमले. दोन्ही वेळा त्यांनी पुराव्यालाच मान दिला.

आर्दुएँ आणि पापेब्रोक दोघेही संशय घेणारेच होते. भेद एवढाच की, आपले मत चुकीचे ठरण्यासाठी काय सापडावे लागेल हे पापेब्रोकना ठाऊक होते. आर्दुएँच्या बाबतीत काहीही सापडले तरी तोही टोळीचाच उद्योग ठरे. इलिग आर्दुएँच्या मार्गाने गेले. ग्रंथ दाखवा, तो बनावट. इमारत दाखवा, ती नंतरची. ओंडके दाखवा, सांधा चुकला. रशियात गणितज्ञ अनातोली फोमेंको यांनी तर याहून मोठी कुऱ्हाड चालविली. ग्रीस, रोम व इजिप्त यांचा बहुतेक प्राचीन इतिहास म्हणजे मध्ययुगातील घटनांचीच प्रतिबिंबे, असे त्यांचे म्हणणे. हा मार्ग एकदा धरला की कोठे थांबावे याला काही मर्यादा उरत नाही.

आपल्या दृष्टीने

अशा कल्पना लोकांना का आवडतात? त्यांत कष्ट कमी आणि ज्ञानी झाल्याचे समाधान मोठे असते. पंडितांना न दिसलेले गुपित आपल्याला दिसले, ही भावना गोड आहे. ज्यांचा ख्रिस्तसभेवर राग आहे त्यांना यात एक कपटी पोप मिळतो. तेव्हा धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने हा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. 'असले प्रश्न विचारू नकोस' असे म्हटले की त्याची खात्री पटते की लपविण्यासारखे काहीतरी आहे. त्याच्यासोबत बसून भागाकार करावा, धूमकेतूची वर्षे मोजावी आणि मग त्यालाच विचारावे : तुझे मत खोटे ठरायचे, तर काय सापडले पाहिजे? पोप तेरावे लिओ यांनी १८८१ च्या सुमारास व्हॅटिकनचे गुप्त दप्तर सर्व पंथांच्या अभ्यासकांना खुले केले आणि इतिहासकारांनी खोट्याला थारा देऊ नये व खऱ्याला भिऊ नये असे बजावले. त्याच वृत्तीने आपण वागावयास हवे.

आणि आपली बाजूही आपण तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे. एखाद्या संताच्या चरित्रात भाविकतेने घातलेली दंतकथा असेल, एखाद्या मंदिराच्या प्राचीनतेचा दावा कागदोपत्री टिकत नसेल, तर ते सांगण्यात कमीपणा नाही. दानपत्र खोटे होते हे मान्य केल्यानेच संत बोनिफास यांचे रक्त खरे होते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

त्या २९७ वर्षांत राजे आणि पोप यांच्याखेरीज असंख्य माणसे जगली. त्यांनी शेते नांगरली, मुलांचे बाप्तिस्मे केले, दुष्काळ सोसले, आपली माणसे मातीआड केली. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी ख्रिस्तसभा ज्या सर्व विश्वासू जनांसाठी प्रार्थना करते, त्यांत ही माणसेही आहेत. त्यांनी कष्टाने काढलेली वर्षे कोणाच्या तरी चतुराईखातर नव्हतीच असे म्हणणे हा त्यांच्यावरील अन्याय आहे.

संत बीड यांनी ७३१ साली आपला इतिहास पुरा केला. त्याच्या प्रस्तावनेत कोणत्या प्रांताची हकीकत आपल्याला कोणाकडून कळली, हे ते नावानिशी सांगतात. रोमच्या दप्तरातील पत्रे कोणी उतरवून आणली, कोणत्या मठाने काय कळविले, तेही लिहितात. आणि सांगणाऱ्यांकडून काही चूक राहिली असल्यास वाचकाने आपल्याला दोष देऊ नये, अशी विनंती करतात. ज्याला तीन शतके कल्पनेने भरावयाची आहेत, तो आपल्या साक्षीदारांची नावे देत नाही आणि वाचकाची क्षमाही मागत नाही.